अँटेनाआबा आणि आमच्या अंगणातला कॅमेरा

अँटेनाआबा कामाला आले की पहिला तासभर काहीच करत नसत. शिडी भिंतीला टेकवायची, चपला फाटकाशी काढायच्या आणि अंगणात जिथे सावली असेल तिथे मांडी घालून बसायचं. बोलणं नाही, मोजणं नाही, पिशवीतलं साहित्य काढणं नाही. त्यांना न ओळखणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ काम विसरून पंगतीत पान वाढायची वाट बघत बसलेत. मी वैतागून एकदा विचारलंच, "आबा, सुरू कधी करायचं?" तर वर न बघता म्हणाले, "सुरू व्हयनं ना ताई. मी ऊन देखी ऱ्हायनू."

धरणगावात घराघरात टीव्ही आले तेव्हा छपरावर चढून अँटेना फिरवणारे हेच. आमच्या लहानपणी ते वरून ओरडायचे, "दिसनं का?" आणि आम्ही घरातून कोरसमध्ये ओरडायचो, "मुंग्याऽऽ!" मग अँटेना गेले, डिशच्या थाळ्या आल्या, त्याही आबांनीच बसवल्या. आता साठी उलटल्यावर ते कॅमेरे बसवत होते, पण गावाने नाव काही बदललं नाही. आयुष्यभर छपरांवर हिंडलेला तो माणूस जमिनीवर जरा परका वाटायचा. शिडीवर चढले की मात्र त्यांचा आवाज मऊ व्हायचा. वरून कापसाची शेतं कुठपर्यंत पांढरी झालीत, कुणाच्या गच्चीवर कुरडया वाळताहेत, कुणाचा नवा नातू व्हरांड्यात रांगतोय, हे सगळं ते स्वतःशीच सांगितल्यासारखं सांगत. "वरतून गाव निजेल पोऱ्यासारखं दिसस," असं त्यांनी एकदा म्हटलेलं मला आठवतं.

मोठेपणी त्यांची गाठ पडली ती नानांच्या पडण्यामुळे. नाना म्हणजे माझे वडील. कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आई गेल्यापासून धरणगावच्या घरात एकटेच राहत होते. मी एकुलती एक, लग्न होऊन पुण्यात. एका सकाळी न्हाणीसमोरच्या ओल्या फरशीवरून ते घसरले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. त्यांनी मला कळवलंही नाही, समोरच्या अक्कांनी फोन केला. मी तडक गेले आणि सांगून टाकलं, "नाना, एकतर पुण्याला चला, नाहीतर अंगणात कॅमेरा बसवून घ्या." पुण्याला नेलं असतं तर ते घर कायमचं बंद झालं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माले कोनी दिवसभर देखाले पाहिजे, आसं मी काय करं?" पण हट्ट मीही सोडला नाही.

कॅमेरा मी पुण्याहूनच घेऊन गेले होते. गोल गरगर फिरणारा, दिसायला मोठा गोंडस, वायफायवर चालणारा. आबांनी तो खोक्यातून काढला, तळहातावर तोलला आणि लेकराला परत झोपवावं तसा खोक्यात ठेवला. "चांगला शे," ते म्हणाले, "पन हाऊ घरातला शे. बाहेरना नही." मग हळूहळू कारणं निघाली. आमच्या जुन्या जाड भिंतींतून वायफाय अंगणात पोचेपर्यंत त्याचा जीव जाणार. प्लास्टिकचं अंग वैशाखाच्या उन्हात तडकणार. आणि गरगर फिरणारा डोळा नेमका नको तेव्हा तिसरीकडेच बघत असणार. माझी सगळी हुशारी एका खोक्यात बंद झाली. बाहेरच्या भिंतीला एका जागी स्थिर बसणारा, पावसापाण्याचा आणि वायरीवर चालणारा कॅमेरा हवा, असं ठरलं.

तो घ्यायला आम्ही बसने जळगावला गेलो. आबांचे ठरलेले शेठ होते, आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेल्या घराण्यातले, अतिशय गोड बोलणारे. आबांनी दोन कॅमेरे खोक्यातून काढायला लावले आणि दुकानाबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरच्या तापलेल्या सीटवर नेऊन ठेवले. मे महिना, दुपारचा एक. नंतर आम्ही तिघे आत पंख्याखाली ताक पीत बसलो. शेठ अधूनमधून बाहेर डोकावत. "आबा, जळला तर?" "जळना तर तुमना, टिकना तर आमना," आबा शांतपणे म्हणाले. तासाभराने हात लावता येणार नाही इतके तापलेले ते कॅमेरे पंच्यात गुंडाळून आत आणले आणि दुकानातल्या टीव्हीला जोडले. एकाचं चित्र गढूळ झालं होतं. दुसऱ्यात शेठची कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट दिसत होती. तोच आम्ही घेतला. शेठना ही परीक्षा नवी नव्हती, ते पहिल्याच्या खोक्याला चिकटपट्टी लावत नुसते हसले.

घरी आल्यावर पुन्हा ते बसणं सुरू झालं. सकाळी आले, दुपारी आले, संध्याकाळी आले. कॅमेऱ्याच्या तोंडावर ऊन आलं की त्याला काही दिसत नाही, म्हणून मावळतीची बाजू सोडली. चुन्याची भिंत फार जवळ असली की रात्री कॅमेऱ्याचाच उजेड उलटून त्याच्या डोळ्यात येतो, म्हणून तोही कोपरा सोडला. तिसऱ्या बैठकीत ते नानांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "नाना, तुमले काय देखनं शे?"

"माले काहीच देखनं नही," नाना तुटकपणे म्हणाले.

"मंग काय दखाडानं नही, तेवढं सांगा."

नानांनी कडुनिंबाखालच्या खाटेकडे नुसतं पाहिलं. दुपारचा चहा आई आणि नाना तिथेच घ्यायचे. आई गेल्यावरही नाना चार वाजता चहा घेऊन तिथे जातात आणि कप रिकामा झाल्यावरही बराच वेळ बसतात, हे मला ठाऊक होतं. त्या बसण्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आबांनी पाहिलं. उठताना ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, मानूस जठे पडस, ती जागा दिसाले पाहिजे. जठे रडस, ती नको." मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. मी त्या माणसाला वाचवायला निघाले होते, आणि त्याला एक कोपरासुद्धा ठेवला नव्हता.

कॅमेरा मग न्हाणीच्या दारावर, वळचणीखाली, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बसला. त्यात फाटक आलं, ओटा आला, न्हाणीसमोरची फरशी आली. खाट आली नाही. वायरीला भिंतीत शिरण्याआधी आबांनी खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात न जाता तिथेच गळून पडेल. लाईट गेली तरी कॅमेरा आणि इंटरनेटचा डबा दोन्ही चालू राहावेत म्हणून त्यांना बॅटरी लावून दिली. शेवटी म्हणाले, "आते खोकावरला पासवर्ड बदला. मी भितकडे तोंड करस." आणि खरंच शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, आबा, तुमच्यापासून काय लपवायचं? तर म्हणाले, "माले गावनं छप्पर पुरे शे. घर तुमनं."

एवढ्यावर काम संपलं असतं, पण आबांची एक रीत होती. लग्नाचं आवतण द्यावं तसे ते गल्लीत दारोदार गेले. "अक्का, नानाकडे डोळा बसाडा. त्यामा तुमनं दार येवाव नही. पन ताई पुन्याथून देखस, ध्यान ऱ्हाऊ द्या." आधी सांगून ठेवायचा त्यांचा हेतू. गल्लीने त्याचा अर्थ तिसराच घेतला. आमच्याकडे ओळखीच्या माणसासमोरून न बोलता जाणं म्हणजे उद्धटपणा. मी तिथून बघते आहे म्हटल्यावर मुकाट्याने कसं जायचं? अंगणात काही हललं की कॅमेरा माझा फोन वाजवायचा; दुसऱ्या दिवसापासून तो पुण्यात सारखा वाजायला लागला. फाटकात थांबून कुणी विचारतंय, "काय ताई, जेवण व्हयनं का?" कुणी कैरीचं लोणचं दाखवतंय. एक आजी पदर सावरून कॅमेऱ्याला म्हणाल्या, "दुबळी दिसस वं तू." त्यांना मी कुठून दिसले, देव जाणे. त्यातच कडुनिंबाची सावली फरशीवर हलली की तीही फोन वाजवायची. शेवटी आबांनी पुन्हा येऊन, मला फोनवर सांगत, सावलीची जागा फोन वाजण्याच्या हद्दीबाहेर काढून घेतली. फाटकाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. म्हणाले, "त्या बाया बठ्ठ्या तुमन्याच शेत." बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन वाजला. नाना न्हाणीतून बाहेर आले होते आणि फरशीवर बसले होते. पडले नव्हते, हळूच बसले होते, पण उठत नव्हते. मी अक्कांना फोन लावला. दोनच मिनिटांत फाटकातून अक्का, त्यांच्यामागे आणखी चौघी धावत आल्या. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास, वेळेवर आणलं. त्यानंतर पुण्याला नेण्याचा विषय घरात निघाला नाही. नाना त्यांच्याच घरात राहिले, आणि ते श्रेय मी आजही आबांनाच देते.

पण मला मात्र त्या चित्राची सवय लागली. ऑफिसात काम करता करता मी ते अंगण उघडून ठेवायची. ओट्यावर ऊन चढायचं, उतरायचं. चिमण्या यायच्या. नाना एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने जायचे, पाण्याखालून चालल्यासारखे सावकाश, आणि चार वाजता चहाचा कप घेऊन चित्राबाहेर जायचे. ते परत येईपर्यंत मी रिकाम्या अंगणाकडे बघत बसायची. इतकी शांतता मला दुसरीकडे कुठे मिळायची नाही. कधी वाटायचं, मी तिथेच आहे. आणि तिथेच असल्यावर जायचं कशाला? आधी मी महिन्याला जात होते, मग सणावाराला, मग तेही राहून गेलं.

आबा दर दोन महिन्यांनी न बोलावता यायचे आणि काठीला फडकं बांधून कॅमेऱ्यावरची कोळिष्टकं झाडायचे. असंच एकदा काम झाल्यावर त्यांनी मला फोन केला. "ताई, बराबर दिसस ना?" म्हटलं, एकदम छान दिसतं आबा. पलीकडून ते म्हणाले, "नाना बी छान दिसतस ना? मंग ठीक. कितला दिन व्हयनात, तुम्ही उन्यात नही, म्हनून इचारं." मी कामाचं काहीतरी सांगितलं. ते "बरं बरं" म्हणाले. त्यांचा माझा तो शेवटचा फोन.

यंदा थंडी सरताना एका सकाळी चित्रात अक्का घाईघाईने फाटकातून आल्या. नानांना काहीतरी म्हणाल्या. नाना ओट्याचा खांब धरून उभे राहिले. मग आत जाऊन पांढरा सदरा घालून आले आणि फाटक ओढून निघून गेले. मी अक्कांना फोन लावला. अँटेनाआबा झोपेतच गेले होते.

दुपारी उशिरा नाना परतले. फाटकाशी अक्कांनी ठेवलेल्या बादलीतलं पाणी पायांवर घेतलं. मला वाटलं, आता ते आत जातील. पण ते सरळ चालत न्हाणीच्या दाराशी आले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चेहरा इतका जवळ आला की गालावरचे पांढरे खुंट दिसले. डोळे सुजलेले होते.

"आबा गया, माय," ते म्हणाले. "आते तू ये. देखाले नही, बसाले ये."

त्याच संध्याकाळच्या गाडीने मी निघाले. धरणगावला बावीस दिवस राहिले. लग्नानंतर इतके दिवस मी माहेरी कधी राहिले नव्हते.