सकाळी न चालणारं गाणं

माझ्या मुलीचा फोन दुपारी साडेतीनला यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असायचे. जपानमधल्या एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. फोन तिच्या आईसाठी असायचा, मी आपला तो बायकोसमोर धरून बसायचो. बापलेकीत बोलणं उरलं होतं ते एवढंच. "आई कशीय?" "तशीच."

याला कारण मीच. तीन वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा तुळजापूरच्या बसस्टँडवर चारचौघांत मी तिला म्हणालो होतो, "जायचं तर जा. मी काय तुला परत बोलवणार न्हाय." ती गेली. पुढच्या वर्षी तिच्या आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मुलगी तीन आठवड्यांची रजा काढून आली, आईचं सगळं केलं, आणि जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तिनं मला विचारलं, "राहू का, अण्णा?" मी म्हणालो, "तुझं तू बघ." माझा स्वभाव असाच आहे. तेर गावच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं, तिथली पोरंसुद्धा मला मागे काय काय म्हणायची ते मला ठाऊक आहे.

यंदा चैत्र सरता सरता मात्र फोन आईसमोर धरायच्या आधी तिनं मलाच थांबवलं. त्यांच्या आश्रमात दर महिन्याला गाण्याचा कार्यक्रम होतो. कॅराओकेचं मशीन असतं, ते साथ वाजवतं, पडद्यावर शब्द येतात आणि म्हातारी मंडळी माईक धरून गातात. मे अखेरचा कार्यक्रम तिच्याकडे दिला होता. गाणी त्या दिवसांना साजेशीच पाहिजेत, असा तिथला दंडक. त्यांच्याकडे तेव्हा वसंत संपून उन्हाळा लागत असतो. कोवळी पालवी, जांभळ्या फुलांचे वेल, भाताची लावणी.

"आणि आपल्याकडं काय असतं? कूलर आणि टँकर," मी म्हणालो.

ती हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू. म्हणाली, "बारा गाण्यांच्या चाली पाठवते, खाली मराठीत अर्थ लिहिते. म्हाताऱ्यांना झेपतील अशी पाच निवडा. मला चालीतलं तुमच्याएवढं कळत न्हाय."

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. आणखी दोन वर्षं राहणार की नाही हे तिला मे संपायच्या आत तिथं कळवायचं होतं. "आईत थोडा जरी फरक दिसला तर राहते. काम चांगलंय, लोक चांगलेत. पण ती अशीच राहणार असंल तर मी येते. तुम्ही मला खरं खरं सांगत जा."

"सांगतो," मी म्हणालो.

मी पेटी काढली. भात्याला एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलं होतं, तिथं चिकटपट्टी लावली. बायकोच्या खाटेशी बसायचं, फोनवर चाल ऐकायची, पेटीवर काढायची आणि वहीत लिहायची. मशीनच्या मागं माणसानं धावायचं, असल्या गाण्याला मी जन्मभर नावं ठेवली. पण काम हातात घेतल्यावर मला हुरूप चढला, हे कबूल करतो. दोन गाणी वरच्या सप्तकात जात होती, ती काढली. एकाची लय म्हाताऱ्यांना दम लावणारी होती, तेही काढलं. एक मला फार आवडलं, झाडावरून झडणाऱ्या फुलांचं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "ते चुकून आलंय, अण्णा. ती फुलं कधीच गळून गेली. आता म्हणलं तर आजीलोक हसतील." म्हणजे आषाढात होळीची होरी म्हणण्यातलाच प्रकार. माझ्यासारख्या नियमाच्या माणसाला हे एकदम पटलं. रोज फोन व्हायला लागला. ती विचारायची, मी सांगायचो, पट्टी कुठं ठेव, कुठं मशीनचा सूर खाली उतरव. तीन वर्षांचं तोंड फिरवणं त्या आठवड्यात आम्ही दोघंही विसरलो होतो.

अक्षय तृतीयेच्या दुपारी मी सातवं गाणं वाजवत होतो. अर्थ असा होता की नव्या पालवीच्या दिवसांत बायका ओढ्यावर चादरी धुतात, पांढऱ्या चादरी वाऱ्यावर वाळतात आणि त्यातली एक जण दूर गेलेल्या कुणाची तरी आठवण काढते. सरळ चाल, पाचच सूर, आपल्या भूप रागासारखे. मी दुसऱ्यांदा वाजवायला घेतली तेव्हा पेटीत आणखी एक आवाज मिसळलाय असं वाटलं. हात थांबवला. आवाज थांबला नाही. बायको छताकडे बघत ती चाल गुणगुणत होती. शब्द नव्हते, नुसतं हं हं. पण सूर सगळे जागच्या जागी.

दोन वर्षं या बाईच्या तोंडून मी एक धड आवाज ऐकला नव्हता. मी पुन्हा वाजवलं, तिनं पुन्हा म्हटलं. मला रडू आलं. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि पेटीकडे खूण केली, आणखी.

तिला अंघोळ घालायला गल्लीतली एक बाई येते. ती दारातच उभी राहिली होती. म्हणाली, "गुरुजी, ताईंला सांगा की आता फोन आल्यावर. लई खूश होतील."

"सांगतो," मी म्हणालो. साडेतीनला फोन आला. "आई कशीय?" मुलीनं विचारलं.

"तशीच," मी म्हणालो.

हे तोंडून कसं गेलं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. घसरून गेलं असं म्हणायची सोय नाही. चांगलं समजून उमजून म्हणालो. फरक आहे म्हटलं की ती तिकडे राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग भीती वाटली, की हे गाणं कार्यक्रमात गेलं तर ती आईला ऐकवणार आणि आई म्हणायला लागणार. म्हणून पुढं म्हणालो, "आणि ते चादरीचं गाणं काढून टाक."

"का? ते तर तिथल्या सगळ्यांना येतं."

"तुमचा कार्यक्रम सकाळी दहाला. ते भूपातलं आहे. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सकाळी चालत न्हाय."

कोणत्या प्रहराला काय गावं, हे मी तीस वर्षं पोरांच्या डोक्यात भरलं. जो नियम मी देवासारखा पाळला, तो खोटं बोलायला वापरला. ती म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर काढते."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सकाळी उठल्यावर बायको पेटीसाठी खूण करायची आणि मला वाजवावं लागायचं. ती रोज जरा जास्त म्हणायची, शेवटी शेवटी तर माझ्या आधी सूर लावायची. साडेतीन वाजायच्या आत मी पेटी माळ्यावर ठेवून द्यायचो. अंघोळ घालणाऱ्या बाईनं एकदा विचारलं, "सांगितलं का ताईंला?" मी तिच्यावर खेकसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण माझ्याशी बोलणंही कमी केलं. आणि रोज फोनवर तोच प्रश्न, तेच उत्तर. मुलीचा आवाज दिवसेंदिवस उतरत गेला. मला ते ऐकू येत होतं, मी काही बहिरा नाही.

कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावला. पाचही गाणी छान झाली म्हणाली. "आणि अण्णा, रागावू नका. एक आजी हटून बसल्या, चादरीचंच म्हणायचं. त्यांना काय ठाऊक भूप आणि प्रहर. मग सगळ्यांनी मिळून म्हणलं. थांबा, आईला ऐकवते."

मी फोन बाजूला घ्यायच्या आत तिनं ते लावलं. पंधरा-वीस म्हातारे आवाज, थोडे मागेपुढे. दुसऱ्या ओळीला बायकोनं सूर धरला आणि शेवटपर्यंत नेला, कुठंही न अडखळता.

तिकडचं गाणं संपलं. मुलगी हालत नव्हती. मला वाटलं चित्र अडकलं.

"आई हे पहिल्यांदा ऐकत न्हाय," ती म्हणाली. "कधीपासून म्हणते?"

"अक्षय तृतीयेपासून."

"त्याच दिवशी तुम्ही ते काढायला सांगितलंत. पहिलं गाणंसुद्धा त्याच पाच सुरांचं होतं, अण्णा, ते कसं चाललं सकाळी? मी तेव्हाच म्हणणार होते. म्हणलं, तुम्हाला जास्त कळतं." मग म्हणाली, "मी परवा सांगून टाकलं इथं, राहत न्हाय म्हणून. माझ्या जागी दुसरी पोरगी घेतली त्यांनी."

जे ऐकायला मी तीन वर्षं बसलो होतो ते हेच होतं. ते मिळालं, आणि माझी मान वर होईना.

"मला तू घरी पाहिजे होतीस," मी म्हणालो. "आई सुधारतीय कळलं असतं तर तू आली नसतीस."

"मग ये म्हणायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याला आईचं दुखणं कशाला पाहिजे होतं? बसस्टँडवर म्हणला असता, दवाखान्यात म्हणला असता, कधीही एकदा म्हणला असता तर मी आले असते."

बायको डाव्या हातानं माझी बाही ओढत होती, पेटी काढा म्हणून. मी फोन दोन्ही हातांत धरला.

"ये," मी म्हणालो.

"आता म्हणून काय उपयोग, अण्णा," ती म्हणाली. "तिकीट काढलंय."