खिळ्यावरची अंगठी

आमच्या शेडमध्ये कामाची पाळी सुरू झाली की प्रत्येक नवरा बिनलग्नाचा होतो. दाराशी एक खिळा आहे. त्यावर लग्नाची अंगठी टांगायची आणि मगच कातकामाच्या लेथ मशीनकडे जायचं. फिरत्या चकने, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्याने, अंगठी धरली की देव आला तरी बोट सोडवत नाही. हा नियम वुकोमान मिस्त्रींचाच.

मी नेवेनका, कातून तयार झालेल्या जॉबच्या कडा घासणारी. माझं टेबल त्यांच्या मशीनसमोर. कोणाच्या ट्रॅक्टरची पिन तुटली, कोणाच्या दारूच्या भट्टीच्या दांड्यावरचा प्लास्टिकचा बूश झिजला की लोक तुटका तुकडा रुमालात बांधून मिस्त्रींकडे यायचे. ते माप घ्यायचे, कॉम्प्युटरवर आकडे भरायचे आणि मशीनला दम द्यायचे, "आता सांगितलंय तेवढंच काप. शहाणपणा नको."

त्यांची बायको स्तामेना डबा घेऊन यायची. खिळ्याकडे बघून ओरडायची, "काय हो, आज पण खिळ्याशीच संसार का?" अख्खी शेड हसायची.

स्तामेना हिवाळ्यात गेली. छातीत पाणी झालं होतं. चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे आम्ही कबरीवर शिजवलेले गहू ठेवले, रकिया दारूचे थेंब मातीवर सांडले. तिथे मिस्त्री मला म्हणाले, "नेवेनका, ही अंगठी आता उतरायची नाही. रोज तिला खिळ्यावर सोडून जात होतो. बास झालं."

"अहो, वेड लागलंय का? आम्हाला जन्मभर तुम्हीच ना शिकवलंत?"

"तो जुन्या लेथचा नियम गं. आता मशीनलाच पुढून दार असतं, ते लागल्याशिवाय मशीन फिरत नाही. हात आत जाणार कसा?"

खरंच होतं ते.

मग रासबेरीचा हंगाम तोंडावर आला आणि एका शीतगृहाकडून स्टीलच्या रोलरचं काम आलं. रोलर आरशासारखे हवेत, नाहीतर फळ चिकटतं. तेवढी चकाकी यायची तर जॉब फिरत असताना त्यावर पॉलिश पेपरची पट्टी हातानेच धरावी लागते. दार बंद असेल तर ते जमत नाही. म्हणून आमचे मालक ग्वोझ्देन यांनी भंगारातल्या मशीनच्या दाराची लोखंडी जीभ काढली आणि ती या मशीनच्या कुलपात खुपसली. दार सताड उघडं, पण मशीनला वाटतं बंद आहे!

मिस्त्री म्हणाले, "मालक, हे बरं नाही."

"मिस्त्री, फळ पिकायला आलंय. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही. भीती वाटत असेल तर अंगठी काढा."

"अंगठी निघणार नाही."

"मग जपून," ग्वोझ्देन म्हणाले आणि चहा प्यायला गेले. माझ्या या कानांनी ऐकलंय.

दुसऱ्याच दिवशी पट्टी फिरत्या जॉबला गुंडाळली गेली आणि मिस्त्रींचा हात ओढून घेऊन गेली. लाल बटण मीच दाबलं, पण उशीर झाला होता. आमच्याकडे लग्नाची अंगठी उजव्या हातात असते. तो हात मनगटापासून गेला.

सरकारी तपासनीस येईपर्यंत कुलपातली जीभ गायब! मी त्याला ओढत मशीनपाशी नेलं. तो वाकून बघतो आणि म्हणतो, "इथं तर काहीच नाही, बाई." नियम मोडून अंगठी घातली, असं ठरवून तो निघून गेला. गावातल्या बायका तर त्याच्यावर कडी. म्हणे चाळिसाव्याला स्तामेना परत आली, नवऱ्याला हाताला धरून न्यायला निघाली होती. जिभेला काही हाड?

इस्पितळात मिस्त्री हातासाठी रडले नाहीत. मला म्हणाले, "तिचं नाव का घेतात गं? तिने काय केलं? दार उघडं होतं. एवढं तरी कोणी म्हणा."

मी म्हटलं. बेकरीत म्हटलं, चर्चच्या फाटकात म्हटलं, ग्वोझ्देनच्या तोंडावर म्हटलं. लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, "हो, पण अंगठी घालायलाच नको होती."

अंगठी मला धातूच्या किसात सापडली, चपटी झालेली. मिस्त्रींकडे घेऊन गेले, तर त्यांनी हात पुढे केला नाही. "खिळ्यावर टांग. नव्या पोरांना दिसू दे." टांगली.

मे महिन्यात मिस्त्रींच्या जागी नवा टर्नर आला, ओब्राद. नुकतं लग्न झालेला. मी त्याला ती चपटी अंगठी दाखवली, सगळं सांगितलं, दाराचंसुद्धा. त्याने छातीवर क्रूस काढला, स्वतःची अंगठी घाईघाईने उतरवली आणि शेजारी टांगली. चला, एक तरी शिकला, असं मला वाटलं.

जेवणानंतर मान वर केली तर मशीन फिरतंय आणि दार उघडं. कुलपात जीभ परत आलेली. ओब्रादच्या हातात पॉलिश पेपरची पट्टी.

"अरे मेल्या, दार!" मी किंचाळले.

त्याने हसून उजवा पंजा मला दाखवला. "अंगठी नाही हो काकू, बघा!" म्हणाला, आणि तोच हात आत घातला.