एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं घर

आमच्या गावात आडनावाला कोणी विचारत नाही. विचारतात ते घराचं नाव. माझ्या पासपोर्टवर आल्बर्ट रोमिंगर लिहिलंय, पण आमच्या ओबरलिंडाखात मी पिंपवाल्यांचा आल्बर्ट. आमच्या घरात शेवटचं पिंप पणजोबांनी बनवलं. तरी माझ्यानंतर या घरात कुणीही येवो, तो पिंपवालाच.

वाल्ट्राउट किट्टेलच्या घराला मात्र नाव नव्हतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर पूर्वेकडच्या सिलेशियातून हाकलून लावलेल्या जर्मन लोकांबरोबर ती आईचा हात धरून इथे आली, तेव्हा सहा वर्षांची होती. सत्तरी गाठली तरी गाव तिला 'निर्वासितांची वाल्ट्राउट'च म्हणायचं. वेशीबाहेरच्या एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या घरात, आई गेल्यावर, ती एकटीच राहायची. मी गावचा पोस्टमन होतो. तिच्या पेटीत टाकायला बहुतेक दिवस काही नसे.

आणि गंमत बघा, गावातल्या घरांच्या नावांचा इतिहास लिहायला बसली तीच! वीस वर्षं वही घेऊन दारोदार फिरली. आम्हाला आजोबांपलीकडचं काही ठाऊक नव्हतं. तिला आमचे खापरपणजोबा पाठ. लोक कॉफी पाजायचे, केक वाढायचे, पण सणासुदीला तिला कुणी बोलावलं नाही. मीही त्यातलाच. शाळेत एका वर्गात होतो, तरी ती मला अहो-जाहो करायची.

एकदा खाणावळीत तिने विचारलं, "आल्बर्ट, घराला नाव पडायला काय करावं लागतं हो?"

"काही नाही, मरावं लागतं," मी म्हणालो. "तेही गावाच्या लक्षात राहील असं!"

सगळं टेबल खो खो हसलं. तीही हसली.

गावाला सातशे वर्षं झाली त्या साली तिचं पुस्तक छापायचं ठरलं. घरांचे नंबर मला पाठ, म्हणून मजकूर तपासायला माझ्याकडे आला. तीनशे बारा घरं. आधी नंबर, पुढे नाव. एकशे अठ्ठ्याऐंशीपुढे काहीच नव्हतं. मला वाटलं, नाव नसलेल्या घराची ओळ बाई काढायला विसरल्या. लाल पेन्सिलीने ओळ खोडली आणि वर तिला ऐटीत सांगितलं, "वाल्ट्राउटबाई, एक ओळ चुकून रिकामी राहिली होती. काढून टाकली."

तिने माझ्या पेन्सिलीकडे बघितलं.

"बरं केलंत," म्हणाली.

गेल्या फेब्रुवारीत ती गेली. दफनाला आम्ही नऊ जण होतो. तिच्या वह्या माझ्याकडे आल्या. एकशे अठ्ठ्याऐंशीच्या पानावर बारीक अक्षरात एवढंच होतं: 'हे मी लिहायचं नाही. गाव लिहील.' वाचून मला स्वतःची लाज वाटली. आयुष्यात एकदाच तिने आमच्यापुढे हात पसरला होता, आणि मी तो खोडून टाकला.

परवा बेकरीत पाव घेताना बेकरीवाली म्हणाली, "कळलं का? वाल्ट्राउटच्यात नवं जोडपं आलंय राहायला."

"कुणाच्यात?"

"अहो, वाल्ट्राउटच्यात! बहिरे झालात की काय?"

रांगेतल्या कुणालाच त्यात काही नवल वाटलं नाही. मी सुटे पैसेही न घेता घरी आलो आणि पुस्तकाच्या माझ्या प्रतीत दोन ओळींच्या मध्ये शाईने लिहिलं: १८८, वाल्ट्राउटचं. बाकीच्या सगळ्या प्रतींत एकशे सत्त्याऐंशीनंतर एकदम एकशे एकोणनव्वद येतो. मधलं घर कुठे गेलं, असं आजवर एकाही गावकऱ्याने विचारलेलं नाही.