नावात दुरुस्ती

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘विमला’ लिहिलं गेलं, तेव्हा कालिंदीला फारसं वाईट वाटलं नव्हतं. सासूला, धोंडुबाईंना, जुनं नाव काळं वाटत होतं. बदललं तर बदललं. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत ती विमला म्हणून रुळलीही. आपण नेमकं काय पुसू दिलं, हे तिला कळलं चार वर्षांनी, १९७८ साली, नोकरीसाठी नाव नोंदवायच्या सरकारी कचेरीच्या खिडकीत.

मॅट्रिक आणि टायपिंग झाल्याबरोबर तिनं तिथं नाव घातलं होतं. लग्नानंतर तिचे दादा गडहिंग्लजहून एसटीनं येऊन नोंदणीच्या कार्डाची मुदत वाढवून घेत. नाव घातल्यापासून सात वर्षांनी मुलाखतीचा कागद आला. कारकुनानं कार्ड पाहिलं, तिच्या गळ्यातलं डोरलं पाहिलं.

“या नावाची बाई आता नाही. नव्या नावानं नवी नोंद करा.”

म्हणजे रांगेच्या शेपटाला. वयाची अट अठ्ठावीसची, आणि तिला सव्वीस पुरी झालेली.

पेठेतल्या तालमीच्या माडीवर तरुण बेकार संघटनेची बैठक भरत असे. मुलाखतीला जायला एसटीचं अर्धं तिकीट, वयाची अट वाढवणं, अशा आठ मागण्यांचं निवेदन तयार होत होतं. विमला जिना चढून गेली आणि लग्नात नाव बदललं तरी बाईची जुन्या तारखेची नोंद चालू राहावी, ही नववी मागणी घाला म्हणाली. संघटनेचा चिटणीस कृष्णात कानावर पेन्सिल खोचून बसला होता.

“वहिनी, ह्यो घरगुती प्रश्न हाय.”

“तुमचं लग्न झालं ना? नाव बदललं का?”

“न्हाय.”

“कार्ड गेलं?”

“न्हाय की.”

“मग घरगुती कसा?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कृष्णातनं पेन्सिल काढली. “बरं, अशा बायका किती हायत? वीस नावं आणा, घालतो.”

तो सुटल्यासारखा बोलला. विमलानं मात्र दुसऱ्याच दिवशी दुपारची भांडी आवरून वही काढली. बायका होत्या, हव्या त्याहून जास्तच. अडलं दुसरीकडेच. वहीत दोन रकाने होते, माहेरचं नाव आणि सासरचं. सासरचं नाव म्हटलं की मधे नवरा आला, आणि नवऱ्याचं नाव कोण घेणार? बयाबाई म्हणाली, “ते आपलं... तेच की, पंपावर असत्यात ते.” तानाबाईनं पदर सावरून उखाणाच घेतला:

“काहिलीत उसाचा रस घेतो उकळी,
जोतीरामांचं नाव लिवा, ओळ नको मोकळी.”

तिसऱ्या दिवशी तीनच नावं झाली होती. धोंडुबाई चुलीपुढनं सगळं ऐकत होत्या.

“उठ. मी येतो चल.”

“तुम्ही कशाला, आत्या?”

“आगं, सगळ्या पेठेच्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्यात मी. ह्यांच्या दादल्यांची नावं मला घ्याला कुणाची भीती? पर एक सांगतो, तुला परत कालिंदी म्हणनार न्हाय.”

“नका म्हणू. कार्डावर असू दे.”

पंधरवड्यात तेवीस नावं झाली. पुराव्याला प्रत्येकीची लग्नपत्रिका, कोपऱ्याला हळद लागलेली, ट्रंकेच्या तळातनं काढलेली. तिच्यावर मुलीचं माहेरचं नाव छापलेलं होतं आणि नवऱ्याचंही. कृष्णातनं गठ्ठा हातात घेऊन तोलला आणि नववी मागणी लिहिली.

शिष्टमंडळ कचेरीच्या साहेबांपुढं गेलं. आठ मागण्या त्यांनी मान हलवत ऐकल्या. “वर पाठवतो.” नववी विमलानं वाचली.

“नियम आहे, बाई. नवं नाव, नवी नोंद.”

“माणूस तेच आहे, साहेब. तुमच्या रजिस्टरात ‘नावात दुरुस्ती’ असा रकाना आहे. तो कशासाठी?”

“लिहिताना चूक झाली तर.”

“मग चूकच झाली समजा. आधी आमच्या लग्नात, मग तुमच्या खिडकीत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आवाज खाली आणला. “तुमची मुलाखत गेली, त्याचं मलाही वाईट वाटतं. तुमचं एकटीचं कार्ड दुरुस्त करून देतो, जुन्या तारखेसह. माझ्या अधिकारात तेवढं बसतं. नववी मागणी मात्र काढून घ्या.”

कृष्णातनं तिच्याकडं पाहिलं. पोरंही पाहू लागली. हो म्हटलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. तिचं घर एका पगारावर चाललं होतं, आणि वय काही थांबणार नव्हतं. विमलानं वही टेबलावर ठेवली, उघडली आणि साहेबांच्या बाजूला फिरवली.

“एकीची दुरुस्ती अधिकारात बसते, तर बाविसांचीही बसते. माझं नाव सतरावं आहे. पहिल्यापासून घ्या.”

“आज नाही जमायचं.”

“उद्या येतो.”

“उद्या गर्दी असते.”

“आम्हीच असतो गर्दी,” कृष्णात मागून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहाला कचेरी उघडली तेव्हा तेवीसजणी पायऱ्यांवर होत्या. काहींच्या कडेवर पोरं होती. साहेबांनी रजिस्टर मागवलं. दिवसाला पाच-सहा नावं पुढं सरकत. नाव झालेल्या बायकाही दुसऱ्या दिवशी परत येऊन बसत. विमलाचं नाव यायला तिसरा दिवस उजाडला. कारकुनानं सात वर्षांपूर्वीची तारीख तशीच ठेवली आणि पुढं लाल शाईनं ‘दुरुस्ती’ लिहिलं. तिनं ते वाळेपर्यंत पाहिलं.

“घरी जावा आता,” तो म्हणाला.

“अजून सहाजणी आहेत,” म्हणत ती बाकावर बसली.