आतलं काही हलवू नकोस

वेलबर्न गावात डेल्मर उन्रुहची ओळख करून द्यायची तर लोक एवढंच सांगत, की गाडीचं वजन कमी करायला हा माणूस लग्नाच्या अंगठीलाही आणखी एक भोक पाडेल. गाड्यांच्या पाव मैलाच्या शर्यतीचं वेड त्याला विशीत लागलं आणि साठी आली तरी उतरलं नाही. पट्टी असो, पेडल असो, लोखंड दिसलं की तिथे ड्रिल घालायचा आणि निघालेला कीस ओंजळीत घेऊन पोरासारखा खूश व्हायचा. दिवसा धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायची नोकरी, संध्याकाळी हा उद्योग.

त्याची मुलगी जनेल अकराव्या वर्षी गेली. रक्ताचा आजार होता. तीन हिवाळे डेल्मर आणि त्याची बायको वर्ला तिला भल्या सकाळी विचिटा शहरातल्या दवाखान्यात नेत होते, त्रेपन्न सालच्या जुन्या शेवरले पिकअपमधून. ती गेली आणि पिकअप शेडमध्ये गेली.

वर्ला भांडली नाही, घर सोडून गेली नाही. फक्त थंडी पडली की सकाळी कोट चढवून शेडमध्ये जायची आणि त्या बंद पिकअपमध्ये अर्धा अर्धा तास बसायची. असे नऊ हिवाळे. डेल्मर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचा. आपल्यापासून लांब बसायला हिला तेवढीच जागा उरली आहे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. विचारलं मात्र नाही. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या ट्रकमध्ये किती माल आहे हे पौंडात सांगणारा माणूस, पण शेडपर्यंत शंभर पावलं चालत जाऊन 'काय करतेस इथे' एवढं विचारायला त्याचं तोंड उघडलं नाही. अशा माणसाची कीव करायची की त्याला दोन शब्द सुनवायचे, कळत नाही.

जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा जनेल बापाच्या खांद्यावर बसून पुढची बाजू उचलून नाक वर केलेल्या गाड्या बघायची आणि म्हणायची, "बाबा, आपल्या पिकअपचंही नाक असं वर कर ना." ते डेल्मरच्या मनात राहिलं होतं. पिकअप तशी करायची, वर्लाला शेजारी बसवायचं आणि धावपट्टीवर घेऊन जायचं. एकदा बसली तर बोलेल. त्याला एवढंच हवं होतं.

एका रात्री जेवताना, कोबी-खिम्याचे बन ताटात असताना, त्यानं विषय काढला.

"पिकअप अर्लोकडे नेऊ का? नाक वर करतो. जनेलला हवं होतं तसं."

वर्लानं बन खाली ठेवला.

"ने," ती म्हणाली. "फक्त आतलं काही हलवू नकोस."

"शपथ."

अर्लो स्टकीचं गॅरेज गावाच्या टोकाला होतं. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त आणि फाटक्या तोंडाचा. दोघांनी मिळून पुढची स्प्रिंगांची भानगड उपटून काढली आणि खाली जुन्या व्हॅनचा सरळ एक्सल घातला. नाक वीतभर वर आलं. मागच्या चाकांवरचा पत्रा गोल कापून रुंद टायर बसवले. एका ठोकलेल्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन आलं, धुराचे पाइप बाजूंनी बाहेर निघाले. मग वजन काढायची वेळ आली.

"हा सोफा आधी फेक," सीटवर लाथ मारत अर्लो म्हणाला. "ऐंशी पौंडांचं धूड आहे. सासूला घेऊन शर्यत मारणार आहेस का?"

"सीट राहील."

"आणि हा रेडिओ? वाजतो तरी का?"

"रेडिओपण राहील. आतलं काही हलवायचं नाही."

"अरे देवा! डेल्मर उन्रुह वजन ठेवतोय. थांब, पाद्रीबुवांना बोलावतो."

डेल्मरनं गाडीतल्या सिगारेटच्या राखेच्या डबीतली जनेलची केसाची पिनसुद्धा जागची हलवली नाही. काचा मात्र काढल्या. काच त्याच्या लेखी आतली नव्हतीच. दारं, छप्पर, पत्रा, काच हे सगळं गाडीचं अंग, आणि सीटपासून आतलं सुरू होतं. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. काचांच्या जागी त्यानं मधाच्या रंगाचं पातळ ॲक्रिलिक प्लास्टिक बसवलं, जुन्या शर्यतीच्या गाड्यांना असायचं तसं. निघालेल्या काचा तोलल्या, आकडा फळ्यावर लिहिला आणि भंगाराच्या पिंपात टाकल्या. त्या तडकल्याचा आवाज झाला तेव्हा तो शीळ घालत होता.

ऑक्टोबरातल्या शनिवारी, पहिलं दहिवर गोठलं त्या सकाळी, त्यानं गाडी अंगणात आणली. वर्ला बाहेर आली. चांगला कोट घातला होता, लिपस्टिकही लावली होती. डेल्मरनं दार धरलं आणि ती चढून बसली. तिनं सीटवरून हात फिरवला, रेडिओचं बटण चाचपलं, राखेची डबी उघडून पिन बघितली.

"सगळं ठेवलंस," ती म्हणाली आणि हसली.

डेल्मरनं हळूच दार लावलं. आता वळसा घालून आपल्या बाजूनं चढायचं, एवढंच उरलं होतं.

वर्ला खिडकीकडे झुकली आणि तिनं खिडकीवर श्वास सोडला. वाफ धरली, विरली. तिनं पुन्हा श्वास सोडला. तिसऱ्यांदा सोडला. मग बोटांनी ते प्लास्टिक चाचपडायला लागली.

"काच कुठे आहे?"

"काढली. ही हलकी असते, जवळजवळ चाळीस पौंड..."

"डेल्मर, काच कुठे आहे?"

वर्ला समोर बघत बोलायला लागली.

"तू बाहेर पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडायचास ना, तेव्हा ती या खिडकीवर वाफ सोडून बोटानं लिहायची. उलटी अक्षरं काढायची, तुला बाहेरून वाचता यावीत म्हणून. बोटाचा ओशटपणा काचेवर राहिला होता. मी श्वास सोडला की दिसायचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?" आणि मग अगदी हळू, "मला ते एकटीला हवं होतं. तुझ्यासाठी लिहिलेलं मी ठेवून घेतलं."

डेल्मरनं घरची गाडी काढली आणि तडक अर्लोचं गॅरेज गाठलं. अर्लोनं काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, डेल्मरचा चेहरा बघितला आणि हातातला पाना खाली ठेवला. पिंप गुरुवारीच रिकामं झालं होतं. तरी दोघांनी ते आडवं केलं आणि तळातला गंज हातांनी उपसला.

तो परत आला तेव्हा वर्ला पिकअपमध्येच बसून होती. तो तिच्या खिडकीशी उभा राहिला. कधी नव्हे ते तो त्या बाजूला उभा होता.

"काय लिहिलं होतं तिनं?"

"रोज एकच," वर्ला म्हणाली. "बाबा, थंडी आहे. आत ये."

डेल्मर तिथेच उभा राहून रडला, तोंडसुद्धा झाकलं नाही त्यानं. वर्ला आतून बघत होती. दार दोघांपैकी कुणीच उघडलं नाही.