ओला रंग

वारज्याजवळ एका शिल्पकार बाईंनी टॅरोच्या पत्त्यांवरून बाग उभारली आहे. सूर्य, चंद्र, सम्राज्ञी, मृत्यू, सगळे पुतळे दोन पुरुष उंच. फाटकावर एक निवृत्त कारकून बसतात. लोक सम्राज्ञीला हार घेऊन येतात, की हे खेकसलेच. "अहो, देऊळ नाही हे. चपला घाला!" मी पत्त्यांचा अर्थ विचारला, तर म्हणाले, "भविष्य बघायचंय? मग पोपटवाला गाठा."

खरा वैताग त्यांच्या पाटीचा. मृत्यूच्या पुतळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोरी आणि 'रंग ओला आहे'. बायपासनंतर सासऱ्यांना नेलं तेव्हा ओला, वर्षभराने काठी टेकणाऱ्या आत्याला नेलं तेव्हाही ओला! मी भांडले, तर म्हणाले, "आपण रंगारी का?" आणि पेपरात डोकं घातलं.

परवा आईला नेलं. केमोनंतर ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती, डोक्याला रुमाल बांधून. वाट चक्क मोकळी होती. आम्हाला बघताच हे लगबगीने उठले, दोरी बांधली, पाटी अडकवली.

"आपण सूर्याकडून जा. तिकडे रंग ओला आहे."

आईने दोरीपलीकडच्या उंच सांगाड्याकडे नीट पाहिलं.

"वाळू द्या सावकाश," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."