केस चालू असताना पूजेला बसू नये

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत तीन प्रश्न विचारले. मारतो का, पितो का, बाहेर काही आहे का. तिन्हींना मी नाही म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. नौपाड्यात एका मिठाईच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. खालून तुपाचा वास येत होता आणि इतक्या निर्व्यसनी माणसापासून सुटका मागताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"मग करतो काय?"

"माझ्याशी बोलत नाही," मी म्हटलं. "सात वर्षं झाली."

सुरुवात साध्या गोष्टीवरून झाली. ठाण्याच्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि त्याला न विचारता मी हो म्हणून आले. त्याने अबोला धरला. अबोला काय, घरोघरी धरतात, पण दोन दिवसांनी कुणीतरी चहा मागतं आणि तो सुटतो. याने चहाही आईकडे मागितला आणि हे फारच सोयीचं आहे असं त्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून सासूबाई आमच्या पोस्टमन झाल्या. डोंबिवलीचं आमचं घर वन बीएचके. तो हॉलमध्ये नुसता खाकरला तरी ओट्यापाशी ऐकू यायचं. तरीही "तिला सांग, आमटी आंबट झालीय" हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर मी तशीच थांबायचे. मग सासूबाई गुडघे धरत उठायच्या आणि आत येऊन सांगायच्या, "अगं, आमटी आंबट झालीय म्हणतो." मी म्हणायचे, त्यांना सांगा, गूळ डब्यात आहे. म्हातारी परत बाहेर. तिच्या गुडघ्यांची आम्हा दोघांनाही लाज वाटली नाही, हे कबूल करायला हवं.

घटस्फोट मागितला, त्याचं उत्तरही असंच आलं. नाही म्हणतो, सासूबाईंनी सांगितलं. कारण काही दिलं नव्हतं. खरं तर त्याला काही अडचणच नव्हती. गरम जेवण होतं, इस्त्रीचे शर्ट होते, गणपतीत पाहुण्यांना दाखवायला बायको होती. मी ठाण्याला बहिणीकडे राहायला गेले आणि केस टाकली.

तारखा पडत राहिल्या. श्रावणात सासूबाईंचा फोन आला. त्यांना पंचाहत्तरावं लागलं होतं, घरी सत्यनारायण घालायचा होता, पण जोडप्याशिवाय पूजेला बसणार कोण? एवढं माझ्यासाठी कर, म्हणाल्या. त्या बाईने सात वर्षं आमच्यापायी गुडघे झिजवले होते. मी गेले. वर पैठणी नेसून गेले. साध्या साडीत फोटो इतका वाईट आला नसता.

गुरुजी म्हणाले, यजमानांच्या हाताला हात लावा. मी लावला. आम्ही पाटावर गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ होतो, आणि तो गुरुजींना म्हणाला, त्यांना अक्षता पुढे करायला सांगा. गुरुजींनी एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे निरोप पोचवला. सत्यनारायणानेही हे पाहिलं असणार, पण तोही काही बोलला नाही.

पुढच्या तारखेला त्याच्या वकिलाने पूजेतला फोटो कोर्टापुढे ठेवला. मी पैठणीत, माझा हात त्याच्या हाताला, धुराने डोळे खाली. दोघं सुखाने नांदतायत, असा त्यांचा मुद्दा. माझ्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, केस चालू असताना पूजेला बसतं का कुणी?" जजसाहेबांना मात्र त्या फोटोत आशा दिसली. त्यांनी आम्हाला समुपदेशनाला पाठवलं. मला स्वतःचा इतका राग आला की खाल्लेल्या प्रसादाचाही आला.

समुपदेशनाला तो आईला घेऊनच आला. टेबलावर संमतीने वेगळं होण्याचा कागद होता, माझी सही केलेला. समुपदेशकबाईंनी तो बाजूला सारला आणि त्याला म्हणाल्या, तुम्हाला घटस्फोट का नको ते यांना सांगा.

तो आईकडे वळला. "तिला सांग, मला द्यायचा नाही."

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होते.

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "ती इथेच बसलीय. बायको हवी असेल तर तिच्याकडे बघून सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी वाट बघत राहिले. तो 'राहा' म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. हे मी वकीलबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्याचे कान लाल झाले. त्याने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग हात लांब करून तो कागद ओढला, खिसे चाचपले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पेन आहे का?"

सात वर्षांत त्याने मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी पर्समधून पेन काढून दिलं आणि रडायला लागले. समुपदेशकबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं, संसार मोडला म्हणून रडतेय. माझ्याशी बोलताना त्याचा आवाज किती मऊ यायचा, ते मी साफ विसरले होते.